विहीर खारी, मीठ इकत

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. नावात दर्या आहे, पण खरा दर्या पाहायचा तर रेल्वेने मुंबई गाठावी लागते, सहाशे किलोमीटर. समुद्राने एवढ्या लांबून आमच्यासाठी पाठवलेली एकच गोष्ट म्हणजे खारटपणा. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात आम्ही राहतो. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गोड पाण्यासाठी आमच्या आजीची हयात डोक्यावर पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, घेऊन चालण्यात गेली. अशा घरात तिचा नातू आरओच्या प्लांटवरून गोड पाण्याच्या कॅन आणतो आणि त्यात विकतचं मीठ घालून ते खारट करतो. लिटरमागे 35 ग्रॅम. आजी नाही ते एक बरं आहे.

हे खारं पाणी जातं घरातल्या समुद्री मत्स्यालयाच्या काचेच्या टाकीत. ही टाकी पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने हॉस्टेल सोडताना माझ्या गळ्यात मारली. पावणेदोनशे लिटर पाणी, दोन मासे, एक कोळंबी आणि प्रवाळ. कोणाच्या मनात शंका येण्याआधी सांगतो, आपल्याकडे दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. माझ्याकडचे मऊ जातीचे. एक लेदर कोरल, म्हणजे कातडी आळंबीसारखा दिसणारा, आणि एका दगडावर झोअँथसची वसाहत. झोअँथस हे नाव गावात चाललं नाही. ते शर्टाच्या गुंड्यांसारखे दिसतात, म्हणून गुंड्या. हिरव्या, नारिंगी काठाच्या, एकूण त्रेचाळीस. बाबांनी मोजल्या होत्या.

एप्रिलात गुंड्या मिटल्या.

पहिला संशय अर्थातच उन्हावर. प्रवाळ हा दगडही नाही आणि झाडही नाही, प्राणी आहे. पण कष्टाच्या कामाला त्याने अंगातच सालदार ठेवलेला असतो. झूझँथेली नावाचं बारीक शैवाल. ते उजेडावर साखर तयार करतं, मोठा वाटा मालकाला देतं आणि मोबदल्यात राहायला जागा घेतं. पाणी तापलं की हा करार मोडतो. सालदार बाहेर पडतो आणि मालक पांढराफटक होऊन उपाशी बसतो. आमच्याकडे सालदाराचं साल पाडव्याला बदलतं. माझ्या टाकीतलेही त्याच सुमारास बोचकं बांधायला लागतात, कारण पाण्याला हवं 25-26 अंश आणि अंगणातला पारा निघालेला असतो 45 कडे.

घरात कूलर एकच. मी तो टाकीकडे तोंड करून लावला. पाणी 31 वरून 27 वर आलं. बाबा दोन रात्री काही बोलले नाहीत. तिसऱ्या रात्री त्यांनी खाट उचलली आणि कूलर व टाकीच्या मधोमध टाकली.

कूलरच्या वाऱ्याने दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडायचं. तेवढं मी रोज भरायचो, मीठ कालवून. इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, हे फळ्यावर मिठागराचं चित्र काढून मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय. आठवड्याने खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावला तेव्हा आकडा 1.025 हवा होता तिथे 1.031 होता. घरातच मिठागर. मग रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच साधं आरओचं टाकत सहा दिवसांत तो खाली आणला. एका दिवसात आणला असता तर उरलेसुरलेही त्या झटक्याने गेले असते.

गुंड्या मिटलेल्याच.

एव्हाना गावात बातमी पसरली होती की मास्तरच्या घरचं पीक वाळून राह्यलं. संध्याकाळी माणसं भेटायला येऊ लागली. आमच्याकडे सल्ला देताना पीक कोणतं हे विचारायची पद्धत नाही. कृषी केंद्रवाला आला, त्याने काचेला नाक लावलं आणि म्हणाला, "भाऊ, हे लाल्याचं लक्षण हाये. मॅग्नेशियम कमी पडलं असन." लाल्या म्हणजे कपाशीची पानं लाल पडण्याचा रोग. मी मनात हसलो, मग कुतूहल म्हणून तपासलं. लिटरमागे 1250 ते 1350 मिलिग्रॅम हवं तिथे 1150 निघालं. गुंड्या मिटण्याचं कारण ते नव्हतं, पण त्या दिवसापासून तो माझ्याकडे विद्यार्थ्याकडे पाहावं तसा पाहतो. त्याच भरात त्याने झाकणभर कीटकनाशक टाकायचाही सल्ला दिला. कोळंबी ही किड्यांचीच चुलत बहीण, ती पहिल्या झाकणालाच गेली असती. तो सल्ला मी घेतला नाही. शेजारच्या काकाजींनी विचारलं, "आपल्या इहिरीचं पानी खारंच हाये, मंग मीठ कायले इकत आनतं?" आणखी एकाने लोणारहून कॅन भरून आणायची तयारी दाखवली. लोणारचं पाणी खारट आहे खरं, पण त्याचा सामू दहाच्या घरात. माझ्या टाकीला 8.1 ते 8.4 लागतो. काकाजींना मात्र मला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही.

त्यातच लेदर कोरलने मान टाकली. सगळा आखडला, अंगावर मेणचट साय धरली. बायको म्हणाली, "अहो, हे मोठं बी गेलं वाटते." मी चार रात्री जागलो. सिरिंजने पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकत जायचं, निळ्याचं पिवळं होईपर्यंत मोजायचं. नऊ थेंब, म्हणजे क्षारता नऊ, म्हणजे उत्तम. नायट्रेट ठीक, फॉस्फेट ठीक. रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि पेशंट मरणाच्या दारात. पाचव्या दिवशी पाण्याच्या झोताने ती साय पापुद्र्यासारखी निघून गेली आणि आतून महाराज ताजेतवाने, बोटं पसरून. लेदर कोरल मधूनमधून कात टाकतो, एवढंच होतं. ज्याला काही झालं नव्हतं त्याच्या उशाशी मी चार रात्री बसलो होतो.

बाबा हे सगळं खाटेवरून पाहत होते. पन्नास वर्षं कपाशी केलेला माणूस. रात्री अकराला लाइट गेली, मी बॅटरीवरचा एअरपंप लावायला उठलो, तेव्हा ते अंधारात बोलले.

"पानी खराब असतं तं सारंच वाळलं असतं ना बे? तुवं ते मोठं उभं हाये, मासे फिरून राह्यले. एकच ओळ वाळून राह्यली. म्हंजे अळी हाये."

"बाबा, समुद्रात अळी नसते."

"खालून पाह्यलं का?"

मी खालून पाहिलं नव्हतं. मी थेंब मोजत होतो. बाबांनी माझ्या हातातली टॉर्च घेतली, गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि कपाशीचं पान उलटून पाहावं तशी मान तिरपी करून दगडाच्या खालच्या अंगाला उजेड मारला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोट काचेवर टेकलं.

एका गुंडीच्या देठावर, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. अंगभर बारीक बोटांसारखे फुलोरे. पाठ हिरवी, टोकं नारिंगी. हुबेहूब गुंडीचेच रंग, कारण जी गुंडी खायची तिचाच रंग अंगावर घ्यायचा. न्यूडिब्रँक, बिनशंखाची समुद्री गोगलगाय. दिवसा दडायचं, रात्री चरायचं. तिच्या शेजारी अंड्यांची पांढरी फीत, जिलबीसारखी वळलेली.

"पाह्य," बाबा म्हणाले. "बोंडअळीची मावसबहीन."

निदान झालं. उपचार माझा. सकाळी दगड बाहेर काढला. बायको मदतीला आली, तिने गॅसवर पातेलं चढवलं. "बोरिंगच्या पान्यानं नाई जात, उकळत्या पान्यात टाका. सारी अंडी मरतीन."

मी इतक्या जोरात ओरडलो की काकाजी भिंतीवरून डोकावले. गुंड्यांच्या या कुळात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. 1971 साली हवाईतल्या प्रवाळांतून ते पहिल्यांदा वेगळं काढलं, आणि निसर्गातल्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते. असा दगड उकळला की वाफेतून ते श्वासात जातं. टाकी साफ करताना हाच प्रयोग केलेली अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेल्याची उदाहरणं आहेत. बायकोने शांतपणे गॅस बंद केला आणि विचारलं, "अन् हे तुमी आमच्या जेवनघराच्या बाजूले दोन वर्षापासून ठेवून राह्यले?" त्यावर काय झालं ते इथे लिहीत नाही.

हातमोजे आणि चष्मा पाहिजेच होता. बाबांनी फळीवरून फवारणीचं किट काढून दिलं. शासकीय कार्यक्रमात मिळालेलं, प्लास्टिकची पिशवीही न फोडलेलं. "शेतात कदी घातलं नाई," ते म्हणाले, "घाल आता गुंड्यायसाठी." मी अंगणात गॉगल, मास्क, कोपरापर्यंत हातमोजे घालून बसलो. टबात टाकीचंच पाणी, त्यात आयोडीन, चहाच्या रंगाएवढं. दगड दहा मिनिटं बुडवून हलवत राहायचं. सहा गोगलगायी गळून तळाशी आल्या. अंडी मात्र आयोडीनला दाद देत नाहीत. ती टूथब्रशने हलक्या हाताने खरवडायची, आणि जी सुटली ती उबली की आठवड्याने पुन्हा बुडवायचं. "दुसरी फवारनी," बाबा म्हणाले आणि दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर तारखेला गोल केला. दुसऱ्या खेपेला दोन निघाल्या. तिसऱ्या खेपेला एकही नाही.

मृगाच्या आदल्या दिवशी गुंड्या उघडल्या. सगळ्या नाही. बाबांनी खाटेवरून उठून, एकेकीवर बोट ठेवत, दोनदा मोजल्या. एकतीस. बारा गेल्या.

"तलाठ्याले बोलाव," ते म्हणाले, "पंचनामा करून घेऊ. 33 टक्क्याच्या वर नुकसान असन तं मदत भेटते."

मी हिशेब केला. 28 सुद्धा पुरते भरत नव्हते.