दिवसभर राबणाऱ्यानं धावायचं कशाला?

आमच्याकडे व्यायामाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं. "आम्हाला कसला व्यायाम सांगतोस? सकाळपासून कातळ चढतोय नि उतरतोय!" मी स्वतः आंबा बागायतदार, रत्नागिरी तालुक्यातल्या पावस गावाजवळचा. फवारणीच्या नळ्या ओढणं, झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन तोडणी, भरलेल्या पेट्या टेम्पोत चढवणं, यात अंग किती मोडतं ते मला ठाऊक आहे. तरीही आज हे लिहायचंच होतं. राबून शरीर दमतं, पण मन हलकं होईलच असं नाही. त्यासाठी ज्यातून एक रुपयाही यायचा नाही असा स्वतःचा अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात थोडी धाप लागावी लागते.

मध्यंतरी एका हंगामात मोहोर भरपूर आला आणि अवकाळीनं काळा पडला. जो उरला त्यावर थ्रिप्स, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. फवारण्या वाढत गेल्या, फळ धरेना. त्या वर्षी माझी झोप गेली. रात्री तीनला डोळा उघडायचा, छाती धडधडायची आणि डोक्यात औषधवाल्याची उधारी, पीककर्ज, नेपाळी गड्यांचा पगार. दिवसा बागेत घाम गाळतच होतो, म्हणजे शरीराची हालचाल भरपूर होती. पण बागेत प्रत्येक कलमाकडे बघितलं की तीच काळजी पुन्हा समोर. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही असेल. देवळात गाऱ्हाणं घातलं, आईला त्यानं धीर आला, तेही बरंच झालं. मग चुलतभावानं रत्नागिरीला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, रोज चाला, जमेल तसं धावा, आणि बागेत नको, दुसरीकडे कुठेतरी.

ते "बागेत नको" मला फार उशिरा उमगलं. नॉर्वेत समुद्रकाठच्या एका जिल्ह्यात ३३,९०८ प्रौढांची तब्बल ११ वर्षं पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१८ साली आला. त्यात लोकांना विचारलेला व्यायाम हा फावल्या वेळातला होता, कामावरची मेहनत नव्हे. सगळ्यांनी आठवड्याला निदान एक तास जरी व्यायाम केला असता, तरी नैराश्याची सुमारे १२ टक्के प्रकरणं टळली असती असा त्यांचा हिशोब निघाला. आठवड्याला एक तास! व्यायाम जोरात की सावकाश, यानंही फारसा फरक पडला नव्हता. वाडीवाडीत हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे व्यायाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पैलवान येतो आणि पन्नाशीचा माणूस "आता काय आमचं" म्हणून गप्प बसतो.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा, १९९९ सालचा. पन्नाशीच्या पुढचे, नैराश्य असलेले १५६ जण. काहींना सरट्रालिन हे औषध, काहींना आठवड्यातून तीनदा गटानं चालणं-धावणं, काहींना दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट साधारण सारखेच सुधारलेले होते. औषधाचा गुण लवकर दिसला हेही तितकंच खरं. म्हणून कोणी ही पोस्ट वाचून गोळ्या बंद करू नका, हात जोडून सांगतो. त्या कधी कमी करायच्या ते डॉक्टरच ठरवतील. आणि ज्याला अंथरुणातून उठवतच नाही, त्याला "जा, धावून ये" म्हणणं हा अन्याय आहे. आधी उपचार, मग त्याच्याबरोबर चार पावलं आपण स्वतः चालायचं.

धावण्यानं नेमकं होतं काय? एंडॉर्फिन या शरीरातल्या, बरं वाटायला लावणाऱ्या द्रव्याचं नाव सगळे घेतात, पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. हल्ली शास्त्रज्ञ शरीरातच तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या द्रव्यांकडे जास्त बोट दाखवतात. झोप सुधारते, हा भाग वेगळाच. मला स्वतःला जे कळलं ते धडधडीबद्दल. रात्री छाती धडधडली की वाटायचं, संपलं आता. पुळणीवर धावतानाही तीच धडधड, तोच घाम, तोच वर लागलेला श्वास. पण इथे थांबलं की ती आपसूक खाली येते. असं पुन्हा पुन्हा अनुभवल्यावर शरीराला कळलं की धडधड म्हणजे मरण नव्हे. रात्रीची भीती तिथून ओसरू लागली. नॉर्वेच्या पाहणीत चिंतेच्या आजाराला असा फायदा दिसला नव्हता, तेव्हा हा माझ्यापुरता अनुभव समजा.

आपल्याकडची सोय बघा. गणेशगुळ्याची पुळण, भाट्याचा किनारा. सुकती, म्हणजे ओहोटी, असली की ओली वाळू घट्ट असते, गुडघ्यांना डांबरी रस्त्यापेक्षा बरी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे सुकती मिळते, अष्टमीच्या सुमारास त्याच वेळी भरती. ही वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. पंचांग बघून धावण्याची वेळ ठरवावी लागते आणि त्यामुळे तिथी पुन्हा अंगवळणी पडल्या. पावसाळ्यात समुद्राच्या वाटेला जायचं नाही. तेव्हा पडवीत सूर्यनमस्कार. आषाढात दिवस दिवस सूर्य दिसत नाही, मन तेव्हाच जास्त खचतं, म्हणून तेव्हाच खंड पडू द्यायचा नाही.

बायकांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. नवरा मुंबईला, घरी म्हातारी सासू, गुरं, परसबाग, पोरांच्या शाळा. ती दिवसभर उभी असते आणि वर तिलाच सांगतात की तुझा व्यायाम होतोच की! ती पहाटे रस्त्यावर चालायला निघाली तर चार जण विचारतात, "कुठे निघालीस गो?" हा प्रश्न बंद झाला पाहिजे. आमच्या वाडीतल्या तिघी-चौघी आता एकत्र निघतात, तेव्हा कोणी विचारत नाही. ग्रामपंचायतींनी शाळेच्या मैदानावर दोन दिवे लावावेत, एवढंच मागणं आहे.

रत्नागिरीत इंग्रजांच्या काळापासून मनोरुग्णालय आहे. त्यामुळे आपल्या लोकांना वाटतं, मनाचं दुखणं त्या फाटकापासून सुरू होतं. ते त्याच्या कितीतरी आधी, घरातल्या माजघरात सुरू झालेलं असतं. बोलायला कोणी नसेल तर सरकारचा टेलिमानस क्रमांक १४४१६ आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

सुरुवात करणाऱ्यांनी दोन मिनिटं धावा, दोन मिनिटं चाला. शेजारच्याशी बोलता येईल इतकाच वेग. बीपी, साखर, छातीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पावस, गोळप, गणेशगुळे या बाजूचं कोणी बरोबर यायला तयार असेल तर खाली लिहा. येत्या पौर्णिमेच्या पहाटे सुकतीला गणेशगुळ्याच्या पुळणीवर आम्ही काही जण असू. नुसतं चालायचं असेल तरी या.