फुकट मतांचा धनी

माझ्या आयुष्याचं वाटोळं एका वॉशिंग मशीनने केलं.

२०२० चा एप्रिल. सगळं जग घरात कोंडलेलं आणि ऑफिस लॅपटॉपच्या पडद्यावर येऊन बसलेलं. घरातल्या खोल्या बाकीच्यांनी आधीच वाटून घेतल्या होत्या. माझ्या वाट्याला न्हाणीघराबाहेरचा बोळ आला. तिथे एक प्लग होता, एक स्टूल होतं आणि एक वॉशिंग मशीन होतं. एका मीटिंगमध्ये कुणीतरी क्विबीचा विषय काढला. क्विबी म्हणजे दहा मिनिटांच्या आतले कार्यक्रम खास मोबाइलवर दाखवणारं ॲप. मागे हॉलिवूडमधली बडी धेंडं, खिशात पावणेदोन अब्ज डॉलरचं भांडवल, आणि ६ एप्रिलला नुकतंच सुरू झालेलं. साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी ऐकलंच नाही. कारण त्याच क्षणी मागचं मशीन स्पिनवर गेलं आणि अंगात आल्यासारखं घुमायला लागलं. माझा माइक चालू होता. मी वैतागून म्हणालो, "हे काही सहा महिन्यांच्या वर टिकत नाही."

२१ ऑक्टोबरला क्विबी बंद करत असल्याची घोषणा झाली. सहा महिने आणि पंधरा दिवस. वरचे पंधरा दिवस लोकांनी मला मोठ्या मनाने माफ केले.

मशीन मात्र चालूच राहिलं. म्हणजे ज्याच्याबद्दल मी बोललो होतो त्याच्याबाबतीत माझं मत साफ चुकलं, आणि ज्याचं नावही कानावर पडलं नव्हतं त्याच्याबाबतीत मी द्रष्टा ठरलो. हे मी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण साहेबांनी सगळ्यांसमोर "काय अचूक बोलला होतात हो!" म्हटलं, आणि मी नुसता हसलो. ते हसू मला महागात पडलं.

तेव्हापासून मीडिया, तंत्रज्ञान आणि उद्योग या तीन खात्यांत जगात कुठेही खुट्ट झालं की ते थेट माझ्या दारात येतं. कंपनी कंपनीला गिळते, ॲप बंद पडतं, वृत्तपत्राचा मालक बदलतो, आणि माझा फोन वाजतो. "यावर तुमचं काय मत?" मत नाही असं म्हणायची सोय नाही. एकदा धीर करून मेहुण्याला सांगितलं, "मला खरंच माहीत नाही." तो दोन सेकंद गप्प झाला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे आत काहीतरी मोठं शिजतंय, नाही का भावोजी? तुम्हाला बोलता येत नाहीये." संध्याकाळपर्यंत कुटुंबाच्या ग्रुपवर माझ्या मौनाचे तीन वेगवेगळे अर्थ लागले होते.

मग मी मतं बनवायला शिकलो. ते वाटतं तितकं अवघड नाही, कारण बातमी वाचावीच लागत नाही. मथळा असतो. मथळ्याखाली दोन ओळी असतात. तिसरी ओळ हळूहळू धूसर होत जाते आणि वर्गणी भरा अशी पाटी येते. माझी बहुतेक ठाम मतं या पाटीच्या अलीकडच्या दोन ओळींवर उभी आहेत. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर तेवढंही वाचायची गरज नसते. इयन बेटरिज नावाच्या पत्रकाराने २००९ मध्ये एक नियम सांगितला होता: ज्या मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं, त्याचं उत्तर 'नाही' असं देऊन मोकळं व्हावं. 'हे यंत्र तुमची नोकरी घेणार का?' नाही. 'छापील वर्तमानपत्रं संपली का?' नाही. या एका नियमावर मी तीन लग्नसमारंभ आणि एक बारसं निभावून नेलेलं आहे.

पण यंत्रांनाही कधीकधी लाज काढायची हुक्की येते. २०२० मध्येच ट्विटरने एक सोय आणली. लेख न उघडताच तो पुढे पाठवायला गेलं की पडद्यावर विचारणा यायची, आधी वाचणार का? माझ्या शाळेतल्या बाईंनीही इतक्या सभ्य शब्दांत माझा कधी पाणउतारा केला नव्हता. मी तो लेख उघडला, तीन सेकंद उघडा ठेवला आणि बंद केला. मग पुढे पाठवला. सोबत लिहिलं, 'अवश्य वाचा.'

माझी खरी परीक्षा झाली ती २०२३ च्या नोव्हेंबरात. १७ तारखेला, शुक्रवारी, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या संचालक मंडळाने कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांना काढून टाकलं. कारण एवढंच दिलं की ते मंडळाशी बोलताना सातत्याने मोकळेपणा ठेवत नव्हते. (या कलमाखाली माणसं काढायची ठरवली तर एकही घर शाबूत राहणार नाही, पण ते असो.) मी बातमीची दुसरी ओळ वाचत होतो तेवढ्यात मेहुण्याचा फोन. मी म्हणालो, "बरोबर केलं मंडळाने. मंडळ काय शोभेला असतं? काहीतरी मोठं हाती लागल्याशिवाय असं कुणी करत नाही."

शनिवारी ऑल्टमन परत येणार अशी कुजबुज सुरू झाली. मी ग्रुपवर लिहिलं, 'मंडळाने घाईच केली.' रविवारी रात्री ती बोलणी फिसकटली आणि एमेट शीअर यांना हंगामी प्रमुख नेमलं. त्याआधीच्या हंगामी प्रमुख मिरा मुराटी यांना जेमतेम दोन दिवस मिळाले होते. मी लिहिलं, 'मंडळ ठाम आहे, म्हटलं नव्हतं?' सोमवारी कळलं की ऑल्टमन मायक्रोसॉफ्टमध्ये जाणार. मी लिहिलं, 'याला म्हणतात डाव! ओपनएआय संपली.' त्याच दिवशी सुमारे ७७० कर्मचाऱ्यांपैकी ७०० च्या वर लोकांनी पत्रावर सह्या केल्या, की त्यांना परत आणा, नाहीतर आम्हीही निघालो. आणि त्या सह्यांमध्ये इल्या सुटस्केव्हर यांची सही होती, जे स्वतः त्यांना काढणाऱ्या मंडळात होते! संबंध प्रकरणात मला आपला वाटला तो हा एकच माणूस. शुक्रवारी एक मत, सोमवारी त्याच मताविरुद्ध सही. फरक एवढाच की त्यांच्या मताने जग हललं, आणि माझ्या मताने फक्त कुटुंबाचा ग्रुप.

बुधवार उजाडेपर्यंत ऑल्टमन पुन्हा खुर्चीवर येणार हे पक्कं झालं होतं. मी सकाळी बायकोला म्हणालो, "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो."

"कुठल्या पहिल्यापासून?" तिने विचारलं. "तुमचं पहिलं दर दिवशी नवीन होतं."

बायकोला या विषयांत रस नाही. तरी तिला सगळं माहीत असतं, कारण ती बातमी शेवटपर्यंत वाचते. तिची वर्गणी भरलेली आहे. हा मला नेहमीच थोडा अन्याय वाटत आलाय.

त्यानंतर मी सावध झालो आणि मतांऐवजी शब्द वापरायला लागलो. २७ जानेवारी २०२५ ला डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्तातल्या एआय मॉडेलच्या धसक्याने एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ५८९ अब्ज डॉलरनी घसरलं. अब्ज म्हणजे एकावर किती शून्यं, हे मी आजही टेबलाखाली बोटांवर मोजतो. पण त्या दिवशी सगळे जाणकार 'जेव्हन्स पॅरॉडॉक्स' म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो. दोनदा. एका मीटिंगमध्ये, एकदा जिन्यात. दुपारपर्यंत माझी अशी समजूत होती की जेव्हन्स हे नव्या चिपचं नाव आहे.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "बाबा, जेव्हन्स म्हणजे काय?" मी म्हणालो, "तू सांग बघू." बाप होण्याचा हाच काय तो फायदा. तिने शोधून वाचून दाखवलं. विल्यम स्टॅनली जेव्हन्स, इंग्रज अर्थतज्ज्ञ. त्याने १८६५ मध्ये कोळशाबद्दल लिहून ठेवलं होतं, की इंजिनं कमी कोळशात जास्त काम करायला लागली की कोळसा वाचत नाही. उलट स्वस्त पडतो म्हणून जिकडेतिकडे इंजिनं येतात आणि एकूण कोळसा जास्तच जळतो. "म्हणजे तुमच्या मतांसारखं," मुलगी म्हणाली. "पूर्वी संपादकाला पत्र लिहायचं, पाकीट चिकटवायचं, पेटीत टाकायचं. तेव्हा वर्षाला दोन असतील. आता अंगठा लागतो नुसता." मला हे आवडलं नाही. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

मध्यंतरी मी ही जबाबदारी चॅटबॉटवर ढकलून पाहिली. बातमी चिकटवायची आणि विचारायचं, यावर माझं काय मत असावं? त्याने फार छान उत्तर दिलं. एकीकडे असं आहे, दुसरीकडे तसं आहे, आणि दोन्ही बाजूंचा विचार व्हायला हवा. अहो, दोन बाजू मला नकोच होत्या! मेहुणा एका बाजूला असतोच, मला फक्त दुसरी हवी होती.

एका बाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे आणि ते मी स्वतः बनवलंय. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटाने ११,००० लोकांना काढलं, २०२३ च्या जानेवारीत गूगलने सुमारे १२,००० जणांना. दोन्हीकडे प्रमुखांनी पत्र लिहून जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. घेतली, हे वाचून बरं वाटलं. पण मग बारा हजारांनी काय घेतलं? खोकं. त्यात कॉफीचा मग, चार्जर आणि कुंडी. जबाबदारी साहेबांच्या शिरावर आणि खोकं यांच्या हातात, अशी ही कामाची वाटणी. हे मत मी ऑफिसात कधीच मांडलेलं नाही. साहेबांना मी द्रष्टा वाटतो ते वाटू द्यावं.

आता वहीबद्दल. क्विबीनंतर चढलेल्या मस्तीत मी एक वही केली होती. माझी भाकितं, तारखेसह, पुढच्या पिढ्यांसाठी. पुढच्या पिढीने ती मागच्या महिन्यात कपाट आवरताना शोधून काढली आणि सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचली.

"मार्च २०२१. बीपल या चित्रकाराचं एनएफटी लिलावात ६ कोटी ९० लाख डॉलरच्या वर गेलं. 'कलेचं भविष्य हेच.'" एनएफटी म्हणजे डिजिटल चित्राच्या मालकीचा दाखला. जे चित्र सगळ्यांना फुकट दिसतं ते विकत घेता येतं, हे मला तेव्हा पटलं होतं. एवढंच नाही, मी ते दोघांना पटवूनही दिलं होतं. त्यातला एक अजून बोलत नाही.

"ऑक्टोबर २०२१. फेसबुक कंपनीचं नाव मेटा. 'दोन वर्षांत आपण सगळे मीटिंगला आभासी जगाचा चष्मा लावून बसू.'" इथे मुलीने मान वर केली. "बाबा, तुम्हाला वाचायचा चष्मा सापडत नाही."

"जुलै २०२३. मेटाच्या नव्या थ्रेड्स ॲपवर पाच दिवसांत दहा कोटी लोक. 'ट्विटर या महिन्यात संपणार.'" त्याखाली वेगळ्या शाईत: 'ट्विटरचं नाव बदलून एक्स. भाकीत खरं!'

मेहुणा हसता हसता खुर्चीवरून घसरला. मी त्यांना बॉब मेटकाफची गोष्ट सांगितली. संगणक एकमेकांना जोडणारं इथरनेट ज्यांनी शोधलं त्यांच्यातला हा एक, म्हणजे इंटरनेटचं पोट कुठे दुखतं हे ज्याला कळावं असा माणूस. त्याने १९९५ मध्ये स्तंभात लिहिलं, की पुढच्या वर्षी इंटरनेट कोसळणार, आणि नाही कोसळलं तर मी माझे शब्द खाईन. नाही कोसळलं. १९९७ मध्ये एका परिषदेच्या व्यासपीठावर त्याने तो छापील स्तंभ द्रवात घालून मिक्सरमधून फिरवला आणि लोकांदेखत खाल्ला. केवढा मोठेपणा! एवढं सांगून मी थांबलो. सगळे माझ्याकडे बघत होते. मेहुण्याने वही उचलून वजन पाहिलं.

"माझी स्पायरलची आहे," मी म्हणालो.

परवा वॉशिंग मशीन बंद पडलं. सहा महिन्यांच्या बोलीवर ते पाच वर्षांहून जास्त चाललं होतं. दुरुस्तीवाला आला, त्याने मशीन भिंतीपासून ओढलं, कान लावला, एक बटण दाबून पाहिलं. मी सवयीप्रमाणे सुरू केलं, "मोटर गेली असणार. या कंपन्या हल्ली मुद्दामच..."

"उघडल्याशिवाय काय सांगणार?" तो म्हणाला आणि बाहीवरची धूळ झटकून स्क्रू काढायला लागला. मी बघतच राहिलो. इतकं साधं वाक्य, आणि त्याचा हुद्दा तसूभर कमी झाला नाही.

मोटर नव्हतीच, पट्टा निसटला होता. मी मोबाइलचा टॉर्च धरून उभा होतो. बोळात प्लग होता, स्टूल होतं, सगळं तेव्हाचंच. पट्टा बसवता बसवता त्याने विचारलं, "काय हो साहेब, तुम्ही यातले दिसता. हे एआय आमची कामं खाणार का?"

प्रश्नचिन्ह होतं. नियम तयार होता.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. "मग टॉर्च तरी सरळ धरा."