घाबरट म्हणायचं कुणाला?

परंपरावादी पक्षांना मत देणाऱ्यांना भीती लवकर वाटते, असं मी एका प्रयोगाच्या आधारे लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा स्वतःचा लेख समोर ठेवून वाचली आणि निम्मं म्हणणं पटलं. 'परंपरावादी पक्षांना मत देणारे मुळात घाबरट, असं शास्त्राच्या आडून सुचवणं हा उद्धटपणा आहे,' असं तुम्ही लिहिलंत. वर 'डावे विचार करून मत देतात आणि आमचं मात्र मानसशास्त्र काढायचं?' हा टोलाही. तो वर्मी लागला.

आधी चूक कबूल करतो. मी ज्या प्रयोगावर भिस्त ठेवली तो 2008 साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला होता. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातली 46 माणसं. बोटांना तारा लावलेल्या, समोर पडदा, आणि मधूनच घाबरलेल्या माणसाच्या तोंडावर बसलेला भलामोठा कोळी. कातडीला घाम किती सुटतो ते मोजायचं. ज्यांना जास्त सुटला ते संरक्षणखर्च, फाशीची शिक्षा अशा विषयांवर जास्त कडक भूमिकेचे निघाले. दृश्य असं झकास की मी हुरळून गेलो. पण पुढे बऱ्याच जास्त माणसांवर हाच प्रयोग पुन्हा झाला, 2020 मध्ये छापूनही आला, आणि तो संबंध सापडलाच नाही. लिहिण्याआधी मी एवढं बघायला हवं होतं.

त्याहून मासलेवाईक गोष्ट म्हणजे 2012 चा एक शोधनिबंध. व्यक्तिमत्त्वातला एक नकोसा गुण परंपरावाद्यांत जास्त, असं त्यात म्हटलं होतं. 2016 मध्ये दुरुस्ती आली: आकडे भरताना बाजू उलट्या पडल्या होत्या! म्हणजे तो गुण दुसऱ्या बाजूला जास्त. मधली चार वर्षं फारसं कुणाला खटकलं नाही, कारण निष्कर्ष सोयीचा होता. तुमचा संशय अगदीच निराधार नाही तो यामुळे.

पण 'मानसशास्त्राने इथे नाकच खुपसू नये' हे मला मान्य नाही. 2003 मध्ये 12 देशांतल्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, तेव्हा अनिश्चितता न सोसणं आणि परंपरावाद यांचं नातं दिसलं होतं. ते नातं लहान असेल, पण आहे. भानगड पुढेच आहे. सुरक्षिततेची ही ओढ धर्म, कुटुंब, कायदा-सुव्यवस्था या बाबतीत माणसाला उजवीकडे नेते, पण पैशाच्या बाबतीत पुष्कळदा डावीकडे. नोकरी टिकावी, आजारपणात सरकारने हात द्यावा, असं त्याच माणसाला वाटतं. मग एकाच मनाची दोन माणसं दोन वेगळ्या पक्षांना मत देऊन येतात. कुणाला कोणता प्रश्न त्या वेळी जास्त टोचतोय, त्यावर ते ठरतं. नुसत्या स्वभावावरून मत ओळखू पाहणारा इथेच फसतो, मीही फसलो.

आणि 'भीती' हा शब्द तरी कुणाचा? प्रश्नावलीत माणूस फक्त 'अचानक बदल मला आवडत नाहीत' यावर खूण करतो. आपल्याकडे त्यालाच हातचं सोडून पळत्याच्या पाठी न लागणं म्हणतात, आणि ते सांगणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

तुमच्या टोल्याबद्दल एवढंच: मानसशास्त्र डाव्यांचंही काढलं जातं. 2019 मध्ये 51 प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा आपल्या बाजूचा पुरावा गोड मानून घेण्यात दोघेही जवळपास सारखेच निघाले. हे मूळ लेखात यायला हवं होतं.

मूळ लेखातला कोळ्याचा परिच्छेद पुसलेला नाही, त्यावर रेघ मारून ठेवली आहे. नाहीतर तुम्ही कशावर चिडलात ते नव्या वाचकाला कळायचं नाही.