"शेवटी अँपरसँड लाव, झालं" म्हणणाऱ्यांनो

"पीएचपीमधून प्रोसेस मागे सोडायचीय ना? एक्झेक कर, शेवटी अँपरसँड लाव, झालं." हे पुन्हा कोणी सांगितलं तर माझं डोकं फिरेल. म्हणजे काय, तर पीएचपी या वेबसाइटच्या भाषेतून एक्झेकने सर्व्हरवर दुसरा प्रोग्रॅम सुरू करायचा आणि कमांडच्या शेवटी & हे चिन्ह लावायचं, की तो मागे आपापला चालत राहतो, असा समज. अख्खा आठवडा गेलाय माझा या एका वाक्यापायी.

काम काय, तर एका कारखान्याच्या बाराशे कामगारांच्या पगाराच्या स्लिपा. बटण दाबलं की पीडीएफ मागे बनत राहायच्या, पान लगेच परत यायचं. लावला अँपरसँड. पान लटकलंच! आउटपुट दुसरीकडे वळवलं नाही, तर प्रोसेस संपेपर्यंत पीएचपी तिथेच अडकून बसतं. मॅन्युअलमध्ये चक्क लिहिलंय हे, पण सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही ते वाचलेलं नसतं. पुढे एनजिनएक्स, म्हणजे ब्राउझरची विनंती आधी घेणारा सर्व्हर, त्याने ६० सेकंद वाट पाहिली आणि ५०४, म्हणजे वेळ संपल्याचा एरर, तोंडावर फेकला. पगार विभागातल्या ताईंचा फोन, "सर, एरर येतोय, मी चार वेळा दाबलं." म्हणजे चार प्रती एकदम चालू आणि सर्व्हर गुदमरलेला. त्यांचा काय दोष यात?

मग आउटपुट, एरर दोन्ही वळवले, नोहप (लॉगआउट झालं तरी प्रोसेस चालू ठेवणारी कमांड) लावलं, लॉग टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये पाठवला. एसएसएचने दुरून सर्व्हरच्या आत जाऊन बघतो तर टेम्पमध्ये फाइलच नाही! अर्धा दिवस शोधतोय. सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम, अपाचेला, म्हणजे पीएचपी चालवणाऱ्या वेब सर्व्हरला, स्वतःचं वेगळं टेम्प देतं, लॉग तिथे भरत होता.

आणि खरा संताप पुढेच आहे. शुक्रवारी संध्याकाळी एकाने कॉन्फिग बदलून अपाचे रिस्टार्ट केला. ३४०व्या स्लिपवर काम खलास. लॉगमध्ये एरर नाही, एक ओळ नाही. नोहप वाचवतं ते फक्त टर्मिनल बंद झाल्यावर येणाऱ्या हँगअपच्या सिग्नलपासून. आमची प्रोसेस जन्मलेलीच अपाचेच्या सीग्रुपमध्ये, म्हणजे सिस्टिमडी एकत्र सांभाळतं त्या प्रोसेसच्या गटात, त्यामुळे उबुंटू लिनक्सवर रिस्टार्ट होताना सिस्टिमडीने तिला थेट सिगकिल, म्हणजे जागच्या जागी मारणारा सिग्नल, दिला. आवरायलासुद्धा वेळ नाही. अर्धवट पीडीएफ तशीच पडलेली.

अरे, विनंती घ्यायची आणि उत्तर द्यायचं, एवढंच वेब सर्व्हरचं काम! डेटाबेसमध्ये एक नोंद टाका, म्हणजे काम रांगेत लागेल; स्वतंत्र सर्व्हिस म्हणून चालणारा वर्कर प्रोग्रॅम ती उचलेल. नाहीतर दर मिनिटाला क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) तरी लावा. पहिल्याच मीटिंगमध्ये मी हे सांगितलं होतं, तेव्हा "एवढ्याशा कामाला रांग कशाला?" म्हणून मला गप्प बसवलं. शेवटी रविवारी बसून तेच केलं मी.

३४०च्या पुढच्या सगळ्यांना स्लिपा सोमवारी मिळाल्या. त्यातल्या दोघांना त्या शनिवारी बँकेत द्यायच्या होत्या, कर्जासाठी.