‘सी मायनस’चे समर्थन कसे करावे

अमेरिकेत डॉक्टर होण्यासाठी आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि त्यानंतरही मुलाखतीची पायरी उरतेच. आपल्या नीटप्रमाणे एका दुपारी निकाल लावून मोकळे होण्याची तेथे सोय नसल्याने, अठराव्या वर्षी जनरल केमिस्ट्रीत पडलेली ‘सी मायनस’ ही कमी श्रेणी बाविसाव्या वर्षी पुन्हा दारात उभी राहते. न्यू जर्सीतील असो वा कॅलिफोर्नियातील, मुलाखतीस निघालेल्या प्रत्येक मराठी उमेदवाराने म्हणूनच पुढील सूचना ध्यानात ठेवाव्यात.

समितीने ती ‘सी मायनस’ पाहूनच आपल्याला बोलावले आहे, हा विचार मनात येऊ देऊ नये. तो आला की माणूस शांत होतो, आणि शांत माणसाच्या हातून वीस मिनिटांचे भाषण होत नाही. काही महाविद्यालयांत मुलाखतकारापासून गुण मुद्दाम दूर ठेवलेले असतात. अशा वेळी बिचाऱ्याला अंधारात न ठेवता, नाव सांगून होताच आपण स्वतःहून तो विषय काढावा.

दोष कोणाला द्यावा, याची यादी घरूनच करून न्यावी. प्राध्यापकांना शिकवता येत नव्हते, रूममेट रात्रभर गेम खेळत असे, वर्गाच्या तुलनेत श्रेणी ठरवणारा कर्व्ह अन्यायकारक होता, आणि आईवडिलांनी तर शाळेत असतानाच गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला होता. त्याच वर्गात, त्याच प्राध्यापकांकडे शिकून ज्यांनी ‘ए’ मिळवला, ते घोकंपट्टी करणारे होते, असे जाता जाता सांगावे. समोर बसलेले डॉक्टर बहुधा त्यांपैकीच एक असतात, त्यामुळे मुद्दा चटकन पोहोचतो.

शोकांतिका लागल्यास पुण्याच्या आजीचे आजारपण हाताशी असतेच. ती गेल्या दिवाळीत येऊन सगळ्यांना चकल्या करून घालून परतली असली, तरी हरकत नाही. मात्र वडिलांची नोकरी खरोखरच गेली होती आणि आपण रात्रपाळी करून फी भरत होतो, असे असेल, तर ते अजिबात बोलू नये. दोन वाक्यांत संपणाऱ्या आणि खऱ्या असलेल्या कारणाला भारदस्तपणा येत नाही.

विषय पुन्हा घेऊन ‘ए’ मिळवला असेल, तर जुना गुण आता पुसला गेला आहे, असे ठासून सांगावे. एएमकॅस या वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात दोन्ही प्रयत्न धरले जातात. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांची सरासरी वेगळी काढली जाते. आणि गुण वर्षवार मांडलेले असतात. म्हणजे आपण ‘पुसला’ म्हणत असताना मुलाखतकाराचे बोट नेमके पहिल्या वर्षाच्या ओळीवर टेकलेले असते आणि तीन ओळी खाली तोच विषय दुसऱ्यांदा छापलेला असतो. त्या बोटाकडे पाहू नये, आवाज थोडा चढवावा.

एवढे होऊनही एखादा चिवट मुलाखतकार विचारतोच, “मग तुम्ही नेमके काय बदललेत?” येथे सर्वांत मोठा धोका आहे. दर आठवड्याला प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारण्याच्या वेळी, जाऊ लागलो, दोन क्लब सोडले, नुसती टिपणे वाचण्याऐवजी गणिते सोडवू लागलो आणि तिसऱ्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत ‘ए’ आला, असे उत्तर तोंडून निसटले, तर तो मान हलवील, पुढच्या प्रश्नाकडे वळेल आणि आपली सारी तयारी वाया जाईल. त्याऐवजी ‘टाइम मॅनेजमेंट’ म्हणावे, किंचित थांबावे, मग ‘रेझिलियन्स’ म्हणावे. उदाहरण मागितल्यास हेच दोन शब्द उलट क्रमाने सांगावेत.

एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू) पद्धतीची मुलाखत असेल, तर आपले भाग्यच थोर. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात जन्मलेल्या या पद्धतीत दर काही मिनिटांनी नव्या खोलीत नवा परीक्षक भेटतो, म्हणजे केमिस्ट्रीची कहाणी प्रत्येक ठिकाणी नव्याने सुरू करता येते. प्रश्न रक्त घेण्यास नकार देणाऱ्या रुग्णाचा असला, तरी त्या रुग्णालाही कधीतरी केमिस्ट्री जड गेली असेल, या धाग्याने मूळ विषयावर येता येते.

शेवटी “तुम्हाला काही विचारायचे आहे का?” असे विचारले जाते. तेथील अभ्यासक्रम किंवा रुग्णांविषयी विचारून वेळ दवडू नये. पहिले वर्ष वगळून सरासरी काढता येईल का, एवढेच विचारावे. घरी पोहोचल्यावर आभाराचा ईमेल पाठवताना त्यात सुधारित सरासरीचा तक्ता जोडावा, आणि उत्तर आले नाही, तर आठवड्याने तोच तक्ता मोठ्या अक्षरांत पुन्हा पाठवावा.