दुखत नाही म्हणून

आज संध्याकाळी मेडिकलमध्ये आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला उभी होते. पुढे पन्नाशीचे एक काका, खिशात बिडीचं बंडल. दुकानदाराकडे वाकून हळूच म्हणाले, "लघवी लाल होतीय. पण दुखत नाही काही." त्याने सिरपची बाटली पुढे केली. "उन्हाळी लागली असेल, पाणी जास्त प्या." संपला विषय!

माझे हातपाय गार पडले. माझे वडील, अण्णा, अगदी हेच म्हणाले होते. "दुखत नाही ना, मग डॉक्टर कशाला?"

अण्णा सोलापूरला मिलच्या रंगखात्यात होते. वर बिडी. तंबाखूचं विष रक्तातून लघवीत उतरतं आणि पिशवीत तासन् तास साठून राहतं. रंगातल्या काही रसायनांचंही तेच. बिडीने फुप्फुस जातं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. लघवीच्या पिशवीलाही कॅन्सर होतो, हे कुणी कधी बोललंच नाही.

पहिल्यांदा लाल झाली तेव्हा धने-जिऱ्याचं पाणी दिलं. थांबली. हाच तर घात, ती आपोआप थांबते! दोन महिन्यांनी पुन्हा. गल्लीतल्या डॉक्टरांनी इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या. असे दहा महिने गेले. साधी सोनोग्राफी कुणी सांगितली नाही. आई डाग पडलेले कपडे गुपचूप धूत होती आणि आम्ही पोरी बापाला लघवीचं कसं विचारायचं म्हणून गप्प.

कळलं तेव्हा गाठ स्नायूत शिरलेली. मूत्राशयच काढावं लागलं. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, पण लघवी साठायला पोटावर चिकटवायच्या पिशव्या आम्हीच विकत आणायचो. पैसे वाचावेत म्हणून अण्णा एकच पिशवी जास्त दिवस चालवायचे. मग ती गळायची. लग्नाकार्याला जाणं त्यांनी सोडूनच दिलं.

मान्य, दर वेळी कॅन्सर नसतो, खडा किंवा इन्फेक्शनही असतं. डॉक्टरांसमोर रांग असते, तेही मान्य. पण पन्नाशीच्या, बिडी ओढणाऱ्या माणसाला न दुखता रक्त जातं, तर एकदा दुर्बिणीतून बघायला नको? आणि बायकांचं तर "अंगावरून जात असेल" म्हणून कुणी बघतही नाही.

मावशीच्या दिरांनी पहिल्याच वेळी सोनोग्राफी केली. पोट न फाडता, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ खरवडून काढली. मग आठवड्याला एकदा, असं सहा वेळा बीसीजी पिशवीत सोडलं. हो, तीच टीबीची लस, जिचा व्रण आपल्या दंडावर असतो. कॅनडातल्या डॉ. मोरालेस यांनी १९७६ साली हा उपचार मांडला, म्हणजे अण्णा आजारी पडायच्या कितीतरी आधी. हा आजार परत परत उगवतो, म्हणून मावशीच्या दिरांना दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी. कुरकुरतात, पण जातात.

त्या काकांना मी बाहेर गाठलं. "काका, सोनोग्राफी करून घ्या." ते ओशाळले. अण्णाही असेच मान खाली घालायचे. "बघू," म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले.

मी परत दुकानात गेले, कागदावर माझा नंबर लिहून दिला. म्हटलं, ते पुन्हा सिरप न्यायला आले तर बाटली देण्याआधी मला फोन करा.