‘पैशानं सुख येत नाही’ म्हणे!

पोळ्याच्या सुमारास गावच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा आला. नोबेलवाल्या मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी म्हणे सिद्ध केलंय की पैशानं सुख वाढत नाही. पूर्वीचं खेडं गरीब पण सुखी होतं. आणि शेतकरी कर्जात बुडतो, कारण त्याला हिशेब कळत नाही.

कानेमान आणि अँगस डीटन यांचा तो अभ्यास 2010 चा, अमेरिकेतला. रोजचा आनंद वर्षाला 75,000 डॉलरच्या वर फारसा वाढत नाही, असं त्यात निघालं. तेव्हाच्या दरानं हे झाले 34 लाखांच्या आसपास. पाच एकर कोरडवाहूवाल्यानं यातून काय घ्यायचं? त्या रेषेखाली पैशाबरोबर आनंद वाढतच होता, हे मेसेजवाल्यानं गाळलं. शिवाय 2023 मध्ये कानेमान यांनीच मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांच्यासोबत आकडे पुन्हा तपासले. बहुतेकांचा आनंद रेषेपुढेही वाढत राहतो, असं निघालं.

पूर्वीच्या सुखाचं म्हणाल, तर आठवणीत ठसठशीत क्षण आणि शेवट उरतो, मधले लांबलचक दिवस गळतात. हेही कानेमान यांचंच. म्हाताऱ्यांना पोळा आठवतो, त्याआधीची दोन महिन्यांची उसनवारी नाही.

खरा राग येतो तो हिशेबाच्या वाक्याचा. जुलैत कृषी केंद्रावर माझ्यापुढं एक काका उभे होते. युरियाची चार पोती, फवारणीचं औषध, मागची उधारी. बेरीज तीनदा चुकली. शेवटी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, “कापूस निंघाला का देतो भाऊ.”

तामिळनाडूत आनंदी मणी, सेंथिल मुल्लईनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ यांनी 464 ऊस उत्पादकांना बुद्धीच्या चाचण्या दिल्या. तोच शेतकरी, एकदा कापणीआधी तंगीत आणि एकदा पैसे हातात आल्यावर. आधी गुण कमी, नंतर जास्त. 2013 मध्ये हे छापून आलं. अक्कल तीच होती. तंगीनं डोक्यातली जागा अडवली होती. अशा जुलैत ‘जमिनीचा पोत टिकवा, तीन वर्षांनी फायदा’ हे कोणाच्या कानात शिरणार?

तेच काका डिसेंबरात जिनिंगवर भेटले. वजनकाट्यावर गाडी. मापाड्यानं आकडा पुकारला आणि काकांनी पावती न बघताच सांगितलं, “बारा किलो कमी धरले तुम्ही.” पुन्हा वजन झालं. बाराच निघाले.